कौसाआत्या, समुद्र आणि तिसरी बाटली

आमच्या शहराला समुद्र नाही, याचं दुःख मला कधीच झालं नव्हतं. दुष्काळाच्या त्या वर्षांत नळाचंच दुःख एवढं होतं की समुद्रापर्यंत जायला सवड कुणाला? मी पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला आहे. टँकरचं पाणी, बोअरचं पाणी, सोसायट्यांच्या टाक्यांचं पाणी अशा बाटल्या दिवसभर माझ्या टेबलावर येतात आणि मी त्यांच्यातले जिवाणू मोजते. शहराच्या कडेला, मुकुंदवाडीपासून करमाडपर्यंत, जिथं कापूस व्हायचा तिथं इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक इमारतीच्या पाटीवर झरा, तळं, सरोवर असलं काहीतरी नाव, आणि खाली टँकर उभा. मला त्या पाट्या वाचून राग यायचा, मग हसू यायचं, मग पुढची बाटली उघडायची.

अशात साहेबांनी एका सकाळी सांगितलं, की कोकणात किनाऱ्यावर आठवडाअखेरचं प्रशिक्षण आहे, विषय समुद्रात आंघोळ करणाऱ्या लोकांसाठी पाणी कसं तपासावं, आणि मे महिन्याच्या उकाड्यात जायला दुसरं कुणी तयार नाही. "पद्धत शिकून या. जिवाणू काय, गोड्या पाण्यातला आणि खाऱ्यातला, सारखाच पोटात जातो," ते म्हणाले. आमचे शेखभाई बाटल्या धुता धुता म्हणाले, "मॅडम, नल कू पानी नै, और आप समंदर तपासने जारे? आते वखत थोडा इधर कू मोड के लाव ना." दोन दिवस प्रयोगशाळेत दुसरा विनोद नव्हता.

घरी मात्र कुणी हसलं नाही. माझी कौसाआत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, करमाडची बोअर आटल्यापासून आमच्याकडं राहते. सत्तरी ओलांडलेली, काटक, आणि घरातल्या पाण्याची खरी मालकीण. नळ येणार त्या दिवशी ती पहाटेपासून पाइपापाशी बसते, आणि घागर, कळशी, तांब्या, पातेलं, माझ्या मुलाच्या खेळण्यातला डबा, जे हाताला लागेल ते काठोकाठ भरून ठेवते. तिनं आजवर आमच्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी ती उठली, पेटीतून घडीचं नवं लुगडं काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"संगे, मला बी ने."

"आत्या, मी कामाला चाललेय. तू काय करशील तिथं?"

"मला एकदा पाण्यात बसायचंय. नळाखाली नाय, बादलीनं नाय. पाण्यात."

मी उठून दोन तिकिटं काढली.

गुरुवार, काकूंची विहीर

प्रवासाचं रडगाणं गात नाही. एवढंच सांगते, की घाटात आत्याला गाडी लागली आणि तिनं त्याचा सगळा दोष रस्त्याला दिला. "सरळ जायला काय झालं व्हतं ह्यायला?" गावाचं नावही सांगणार नाही. पुढं जे वाचाल त्यावरून एका ओहोळापायी अख्ख्या गावाची बदनामी व्हायला नको, कारण त्या गावासारखी माणसं मी थोडीच पाहिली आहेत.

उतरायची सोय भाटकरकाकूंकडं होती. नारळी-पोफळीत शेणानं सारवलेलं अंगण, मागं तीन खोल्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या, आणि अंगणाच्या कडेला विहीर. काकू साठीच्या, ठसठशीत बांध्याच्या, बोलायला लागल्या की शेजारच्या घरातलं कुत्रं गप्प बसेल असा आवाज. आत्याच्या हातातलं गाठोडं घेत त्या म्हणाल्या, "दमलात ना हो? जा, विहिरीवर जा, पाणी काढून घ्या, पाय धुवा. मी चहा टाकते." आणि आत निघूनही गेल्या.

आत्या विहिरीपाशी गेली, दोर हातात घेतला आणि उभी राहिली. मला वाटलं, तिला रहाट जमेना. मी पुढं झाले तर तिचे डोळे भरलेले. माझी आजी, म्हणजे तिची आई, गावातल्या विहिरीच्या काठावर पाय ठेवू शकत नव्हती. खाली घागर घेऊन बसायचं, कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. लहानगी कौसा तिच्या शेजारी बसायची. घरी ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी काढत नाही. आता काळ बदलला, मी स्वतः गावोगावच्या विहिरींत बाटल्या सोडते, पण सत्तर वर्षांची बाई अनोळखी गावात अनोळखी विहिरीवर उभी राहते तेव्हा आधी मागं वळून बघते, हे मी त्या दिवशी पाहिलं.

"आडनाव बी नाय इचारलं गं तिनं," आत्या हळूच म्हणाली, आणि तिनं पोहरा सोडला.

जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, फणसाची भाजी आणि भाजलेला बांगडा. तांदळाची भाकरी आत्याला काही पटली नाही. "मऊ हाय, पण तोंडात कामच नाय," म्हणून तिनं गाठोड्यातली बाजरीची भाकरी आणि ठेचा काढला. काकूंनी ठेचा चाखला, पाण्याचा तांब्या रिकामा केला, आणि पुन्हा मागितला. बांगड्यावर मात्र आत्या जाम खूश. आमच्याकडं मासा म्हणजे बाजारातलं सुकट. हे सुकट कुठून येतं ते गाव आपण पाहिलं, याचा तिला केवढा अभिमान! सोलकढीला तिनं "गुलाबी ताक" असं नाव दिलं आणि दोन वाट्या प्याली.

एकच भांडण झालं. काकूंनी अंगणातला नळ सोडून ठेवला होता आणि त्या फोनवर बोलत होत्या. आत्यानं उठून नळ बंद केला. काकूंनी पुन्हा सोडला. आत्यानं पुन्हा बंद केला. "अहो, माडाला जातंय ते!" "माडाला इचारलं का, बास झालं का म्हणून?" शेवटी काकूंनी हात जोडले.

शुक्रवार, ओहोटी

सकाळी किनाऱ्यावर गेलो. वळणावर सुरूची झाडं संपली आणि समोर सगळं पाणीच पाणी. मीही समुद्र लहानपणी एकदाच पाहिलेला, तोही बसच्या खिडकीतून. आत्यानं कपाळावर हात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "हे समदं टँकरमधी भरायचं म्हणलं तर?" आणि स्वतःच मान हलवून, "नाय. रस्ता पुरायचा नाय."

लगेच पाण्यात जायची तिची तयारी होती, पण मी अडवलं. तिच्या टाचांना भेगा, त्यातली एक चांगली उघडी पडलेली. अशी जखम घेऊन घाण पाण्यात उतरलं तर काय होतं ते मला पक्कं माहीत आहे. म्हटलं, आज बाटल्या भरते, उद्या कळेल, मग बस. ती म्हणाली, "बरं. तुझ्या बाटल्या म्हणतील तवा."

प्रशिक्षण देणारे मयेकर सर तिथल्या छोट्या प्रयोगशाळेचे प्रमुख. उन्हानं रापलेले, पांढऱ्या मिश्या, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट. आम्ही शिकायला आलेल्यांत दोघं जण किनाऱ्यावरच्याच गावांतले, आणि तिसरी मी, कोरड्या पठारावरची. पाण्यात मांडीपर्यंत जायचं, लाटेकडं तोंड करायचं, उकळून निर्जंतुक केलेली बाटली बुडवून मगच तिचं तोंड उघडायचं, आणि भरताना वर बोटभर जागा रिकामी ठेवायची. ती जागा नसेल तर प्रयोगशाळेत बाटली हलवता येत नाही, जिवाणू तळाशी बसलेत की वर आलेत ते कळत नाही. हे मला नवं नव्हतं, रोजचंच. नवं होतं ते लाटेचं. पहिल्याच लाटेनं माझी एक चप्पल नेली आणि ती परत आणून द्यायची तसदी समुद्रानं घेतली नाही.

किनाऱ्यावर तीन ठरलेल्या जागा होत्या. तिसरी बाटली माझ्या वाट्याची. ती भरून मी बर्फाच्या पेटीशेजारी वाळूवर ठेवली, आत्याला म्हटलं, "एवढी बघ, मी ओले कपडे पिळून येते," आणि सुरूच्या आडोशाला गेले. परत आले तेव्हा आत्या पेटीशेजारी अगदी शहाण्या बाईसारखी बसलेली.

प्रयोगशाळेत बाटल्या पेटीतून काढताना मयेकर सरांनी तिसरी बाटली उंच धरली. गळ्यापर्यंत भरलेली. "मॅडम, मराठवाड्यात अशीच भरतात वाटतं?" बाकीचे हसले. मलाही वाटलं, लाटेच्या गडबडीत माझ्याच हातून भरली गेली असणार, सवय जाता जात नाही. मी ओशाळून हसले. सर म्हणाले, राहू द्या, तपासू. मग पाणी जाळीच्या कागदातून ओढून घेतलं, तो कागद खाद्य घातलेल्या बशीत ठेवला, बश्या उबदार कपाटात. विष्ठेतले जिवाणू असतील तर एका रात्रीत त्या कागदावर निळे ठिपके उमटतात. म्हणजे आज भरलेल्या पाण्याची खबर उद्या मिळणार. या शास्त्राची ही खोड मला कायम छळते.

शनिवार, लाल निशाण

पहिल्या दोन बश्या जवळजवळ कोऱ्या. तिसरीत निळं पुरळ उठल्यासारखं.

त्या गावात एक ठराव आहे, आणि त्यासाठी मी त्या गावाला सलाम करते. पाहुण्यांच्या खोल्या चालवणाऱ्या बायकांनीच तो केलेला. एक जरी बाटली बिघडली तरी अख्ख्या किनाऱ्यावर लाल निशाण, फेरतपासणी होईपर्यंत कुणी पाण्यात उतरायचं नाही. वरच्या कुठल्या कार्यालयानं सांगितलेलं नाही, दंड नाही, पोलीस नाही. काही वर्षांपूर्वी एका पाहुण्याचं लहान मूल पोहून आल्यावर जुलाबांनी फार आजारी पडलं होतं, तेव्हा या बायका घाबरल्या आणि मयेकर सरांकडं गेल्या, एवढीच त्याची कथा. त्या शनिवारी निशाण लावायची पाळी भाटकरकाकूंची होती. त्यांच्या तिन्ही खोल्या भरलेल्या. शनिवार-रविवारवर त्यांचं घर चालतं. त्यांनी सरांचा निरोप ऐकला, पदर खोचला आणि काठी घेऊन निघाल्या. मी आमच्या शहरात टाकी साफ करा म्हणून सांगायला गेले की सोसायटीचे लोक मला आधी प्रयोगशाळेतल्या चुका विचारतात.

आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो तर आत्या आधीच तिथं. नवं लुगडं घडी करून छातीशी धरलेलं, पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवलेल्या. मी तिच्याकडं गेले. हे शब्द माझ्या तोंडून निघायला नको होते, पण दुसरं कोण सांगणार?

"आत्या, पाण्यात जायचं नाही."

ती जागच्या जागी थांबली. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि डोळ्यांतलं गेलं. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. मी काय बोलून बसले ते मला त्या क्षणी कळलं.

"कुणाला?" तिनं विचारलं.

"सगळ्यांनाच."

"समद्यायला?"

"सगळ्यांना, आत्या. पाणी खराब आलंय."

तिनं माझं ऐकलं, पण विश्वास ठेवला नाही. ती वाळूवर बसली आणि बघत राहिली. थोड्या वेळानं एका मोठ्या गाडीतून एक कुटुंब उतरलं, रंगीत टोप्या, फुगवलेल्या ट्यूबा. काकूंचेच पाहुणे. ते सरळ पाण्याकडं निघाले. आत्या ताठ झाली. आता काकू काय करतात?

काकू वाटेत आडव्या उभ्या राहिल्या. "नाही हो, आज नाही."

"अहो, आम्ही पैसे भरलेत!" ते गृहस्थ म्हणाले.

"खोलीचे भरलात. समुद्राचं भाडं मी कधी घेतलं? खोलीचे हवेत तर परत घ्या, पण पोरांना पाण्यात सोडू देणार नाही."

बरीच वादावादी झाली. गृहस्थ चिडले, सामान आवरून गेले. पाठोपाठ दुसऱ्या खोलीतलेही गेले. काकू काठी टेकून उभ्याच. मी आत्याकडं पाहिलं. तिनं लुगडं मांडीवर ठेवलं होतं आणि तिचा चेहरा सैल झाला होता.

"व्हय," ती म्हणाली. "समद्यायलाच हाय."

आणि मग तीच उठून काकूंच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दुपारपर्यंत दोघी येणाऱ्या-जाणाऱ्याला परतवत होत्या. काकू समजावून सांगायच्या, आत्या नुसतीच म्हणायची, "माघारी फिरा. लई घाण हाय." लोक आत्याचं आधी ऐकत होते.

दुपारी मी प्रयोगशाळेत परतले, तर मयेकर सरांना चैन पडेना. दोन बाटल्या स्वच्छ आणि तिसरीच एवढी वाईट कशी? त्यांनी उरलेल्या पाण्याचे थेंब खारटपणा मोजायच्या यंत्रात घातले. दुर्बिणीसारखी छोटी नळी असते ती, उजेडाकडं धरून बघायची. पहिली खारट, दुसरी खारट. तिसरी बघून त्यांनी नळी पुसली आणि पुन्हा पाहिली.

"मॅडम, ही बाटली समुद्रात भरलीत ना?"

"म्हणजे काय, विहिरीत भरली?" मी फणकाऱ्यानं म्हटलं. प्रयोगशाळेच्या बाबतीत मला कुणी बोललेलं खपत नाही.

"यात गोडं पाणी आहे. बरंच."

आत्या तेवढ्यात आमच्यासाठी काकूंनी दिलेला डबा घेऊन दारात आली होती. ती सहज म्हणाली, "मंग, म्याच भरली ती."

सरांनी नळी टेबलावर ठेवली.

"हिनं अर्धवट सोडली व्हती. भरल्याबिगर भांडं कुणी खाली ठिवतं व्हय? तिकडं पलीकडं वढा व्हता, त्यातलं वतलं. खारं कशाला वतू? चांगलं गोड पाणी हाय की."

मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. काकूंच्या खोल्या रिकाम्या झाल्या त्या आमच्या एका बाटलीपायी. शिकायला आलेल्या मराठवाड्याच्या बाईनं आपल्या आत्याला बाटलीवर राखण बसवलं, असंच सगळे म्हणणार. मी आत्यावर ओरडले, नको तितकं ओरडले. ती दाराशी उभी राहून ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं,

"संगे, म्या पाणी बाटवलं व्हय?"

सत्तर वर्षं जो शब्द तिनं कुणाकुणाच्या तोंडून ऐकला असेल तो तिनं स्वतःला लावला होता. मी जाऊन तिचे दोन्ही हात धरले. "नाही गं. पाणी माणसाच्या हातानं बाटत नाही. पाइपानं बाटतं, मोरीनं बाटतं. तुझ्या हातानं नाही." आणि मला रडू आलं. बाकीचे खिडकीबाहेर बघत उभे राहिले, ही त्यांची सभ्यता.

मयेकर सर मात्र वेगळ्याच विचारात होते. "आजी, कुठला ओढा? मला दाखवा."

"त्या काळ्या खडकाजवळचा."

"मे महिन्यात तो परह्या वाहतोय?"

परह्या म्हणजे त्यांच्याकडं डोंगरातून येणारा ओहोळ. कोकणातही उन्हाळ्यात तो आटतो, हे मला तेव्हा कळलं. आत्याला आणि मला वाटलं होतं, कोकण म्हणजे बारमाही वाहणारच. आणि तिथल्यांचं म्हणाल तर, ठरलेल्या तिन्ही जागा त्या खडकापासून लांब, उन्हाळ्यात तिकडं कोण कशाला फिरकेल?

आम्ही सगळे खडकापाशी गेलो. पाण्याला वास नव्हता, पण वाळूला लागताना साबणासारखा फेस येत होता. परह्याच्या कडेनं वर चढत गेलो. वर माडांच्या मागं नुकतंच झालेलं एक लॉज, भरपूर खोल्यांचं, आणि त्याच्या मागच्या भिंतीतून झाडोऱ्यात सोडलेला पाइप. त्यातून पाणी मोकळं वाहत होतं. सर तिथंच खाली बसले. मला आमच्या शहराची आठवण झाली. गाव वाढतं तेव्हा आधी खोल्या वाढतात, मग संडास, आणि मोरी कुठं जाते हे सगळ्यांत शेवटी विचारायचं राहून जातं. इथं समुद्र आणि तिथं नाला, एवढाच फरक.

मी आत्याचे हात साबणानं कोपरापर्यंत धुतले. तिनं धुऊ दिले.

परह्याच्या तोंडाशी, त्याच्या लगत, लांब आमच्या तिसऱ्या जागेवर, आणि दुसऱ्या टोकाला अशा चार नव्या बाटल्या भरल्या. या वेळी बाटल्यांना आत्यानं हात लावला नाही, पण प्रत्येक बाटलीच्या रिकाम्या गळ्याकडं ती ज्या नजरेनं बघत होती ती बघवत नव्हती.

मला सर्वांत भीती काकूंची वाटत होती. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाल्या, "म्हणजे आमची तिसरी बाटली चांगलीच होती?" सर म्हणाले, "बहुतेक. पण परह्याचा निकाल यायचाय." काकू म्हणाल्या, "मग निशाण राहू दे. आणि आत्यांना जेवायला वाढा कुणीतरी, सकाळपासून उपाशी उभ्या आहेत माझ्याबरोबर." दुसरा शब्द नाही. त्यांच्या जागी मी असते तर? मी नसते गप्प बसले, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

रविवार

परह्याच्या बशीतले ठिपके मोजताच आले नाहीत. सगळा कागद निळा. त्याच्या लगतची बशीही वाईट. लांबच्या दोन्ही मात्र कालच्यासारख्या कोऱ्या. समुद्राचं मन केवढं मोठं म्हणायचं, एवढी घाण पोटात घेऊन थोड्याच अंतरावर पुन्हा स्वच्छ. पण किती दिवस घेईल, हे कुणी सांगावं?

काकू आणि इतर बायका सकाळीच लॉजवाल्याकडं गेल्या. बशी त्यांनी झाकण लावून बरोबर नेली होती. मालकानं आधी पाइप आपला नाहीच म्हणून सांगितलं, मग कामगारावर घातलं, मग टाकी बांधतो म्हणाला. "बांधेल?" मी काकूंना विचारलं. "बांधेपर्यंत आम्ही रोज चहाला जाणार त्याच्याकडं," काकू म्हणाल्या. परह्याचं तोंड ठरलेल्या जागांमध्ये चौथं म्हणून आलं. मयेकर सरांनी फळ्यावर त्यापुढं "कौसाबाई" असं लिहिलं. आत्याला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं तर म्हणाली, "घाणीला माझं नाव दिलं व्हय?" सर एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

आमची गाडी संध्याकाळची. दुपारी उन्हं उतरल्यावर काकूंनी लाल निशाण उपटलं आणि परह्यापाशी नेऊन रोवलं, मध्ये दोरी बांधली. दोरीच्या अलीकडचा सगळा किनारा मोकळा. आत्याच्या टाचेला मी मलम लावून पट्टी घट्ट बांधली. नवं लुगडं तिनं नेसलंच होतं.

ती पाण्याच्या कडेशी गेली आणि थांबली. डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. पोरं खेळत होती, एक म्हातारं जोडपं हात धरून उभं होतं, दोन बायका साड्या सावरत किंचाळत होत्या. कुणाचंही तिच्याकडं लक्ष नव्हतं. आत्या आत गेली. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. मग तिथंच, अंगणात बसावं तशी, मांडी घालून ती पाण्यात बसली. लाट आली आणि तिच्या खांद्यावरून गेली. ती थुंकली, डोळे पुसले, मोठ्यानं हसली. तिला असं हसताना मी आजवर ऐकलं नव्हतं. एवढ्या वर्षांत पाण्याशी तिचं नातं राखणीचं होतं, आज प्रथमच ती त्याच्यात नुसती बसली होती, आणि मला तिचा फार फार अभिमान वाटला.

मी काठावर दोघींच्या पिशव्या धरून उभी. ऊन कलायला लागलं. काकूंनी वरून हाक मारली, रिक्षा आलीये म्हणून. मी पाण्याच्या कडेपर्यंत गेले.

"आत्या, ऊठ. गाडी चुकेल."

तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. पाणी तिच्या कमरेभोवती येत होतं, जात होतं.

"का? कुणी ऊठ म्हणलं का?"

मी इकडं तिकडं बघितलं. अख्ख्या किनाऱ्यावर तसं म्हणणारी मीच एकटी होते.

"नाही," मी म्हटलं.

"मंग बस की तू बी."

मी पिशव्या वाळूवर ठेवल्या आणि तिच्याशेजारी जाऊन बसले.